आजोबांची दुनळी आणि पासष्ट मिलिमीटरचा शोध

बाबा ९ ऑक्टोबर २०२२ रोजी गेले. दहावा-तेरावा होईपर्यंत दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटात असलेल्या बंदुकीची आठवण कोणालाही झाली नाही. ती आधी आजोबांची होती. उमरेडकडच्या गावात त्यांची मालगुजारी होती तेव्हा, म्हणजे हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात असताना, त्यांनी ती कलकत्त्याहून मागवली होती. पुढे परवाना बाबांच्या नावावर झाला. दर दिवाळीला बाबा ती बाहेर काढत, तेल लावत आणि परत ठेवत. त्यांनी ती चालवलेली मी कधी पाहिली नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि शस्त्रांशी माझा तेवढाच संबंध होता. अशीच एखादी जुनी बंदूक ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांना पुढची वाट थोडी ओळखीची वाटावी म्हणून ही हकिगत तारखांसह लिहून ठेवत आहे.

पहिली गोष्ट मला एका वकील मैत्रिणीने सांगितली. परवानाधारक वारल्यानंतर त्याचे शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार वारसांना आपोआप मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि हा नियम काडतुसांनाही लागू आहे. म्हणून दिवाळीच्या तीन दिवस आधी, २१ ऑक्टोबरला, मी आणि धाकटा भाऊ बंदूक आणि आजोबांचा पत्र्याचा डबा घेऊन ठाण्यात गेलो. डब्यात तेवीस काडतुसे निघाली. बहुतेक कागदी आवरणाची, ओलाव्याने फुगलेली होती आणि त्यांच्या पितळी बुडांवर हिरवट थर चढला होता. त्यांतली चार इतरांपेक्षा अंगाने बारीक होती. हवालदारांनी मोजून नोंद केली आणि पोच दिली. पोच घेताना बंदुकीचा क्रमांक आपल्या डोळ्यांनी पडताळून घ्यावा आणि जमा करण्यापूर्वी नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. छायाचित्रे मी काढली होती. तेल लावायचे राहिले, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. ग्रामीण भागात राहणाऱ्यांसाठी हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये कायदेशीर वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि अर्ज त्याच आधारावर करावा. जानेवारी २०२३ मध्ये मी नमुना ए-१ भरला. मृत्यू प्रमाणपत्र, बाबांचा मूळ परवाना, ठाण्याची पोच, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असे सर्व कागद जोडले. मे महिन्यात चौकशीसाठी पोलीस घरी आले. त्यांनी कपाट कुठे आहे, किल्ली कोणाकडे असते आणि घरात लहान मुले आहेत का, हे विचारले. ऑगस्टमध्ये पत्र आले की भाऊ आणि ताईची ना-हरकत संमती साध्या कागदावर चालणार नाही, मुद्रांक कागदावर नोटरी करून हवी. ती सुरुवातीलाच तशी केली असती तर तीन महिने वाचले असते. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी परवाना हाती आला. शासकीय शुल्क हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत लहान खर्च होता.

४ मार्चला बंदूक परत मिळाली तेव्हा नळ्यांच्या बाहेरील बाजूस तांबूस गंजाचे ठिपके होते. एक अख्खा पावसाळा ती ठाण्याच्या मालखान्यात उभी होती. मला फार वाईट वाटले, पण त्याहून मोठी चूक मी पुढच्याच आठवड्यात केली.

भावाचे म्हणणे होते की बंदूक ठेवायचीच असेल तर ती चालते की नाही हे एकदा पाहून घ्यावे. आम्ही शहरातील एका दुकानात गेलो. मी परवाना पुढे केला आणि बारा बोअरची काडतुसे मागितली. विक्रेत्याने डबा काढून ठेवला. मी सहज विचारले की बंदूक फार जुनी आहे, हीच चालतील ना? "बारा बोअर म्हणजे बारा बोअर, मॅडम. विलायती माल आहे तुमचा, काही नाही होत जी," असे उत्तर मिळाले. मी दहा काडतुसे घेतली. परवान्यावर आणि दुकानाच्या नोंदवहीत नोंद झाली. घरी आल्यावर भावाने बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, एक काडतूस नळीत सरकवून पाहिले. ते अगदी सहज बसले आणि बंदूक कसलाही अडथळा न येता बंद झाली. आम्हा दोघांनाही तेवढ्यावरून खात्री पटली होती.

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले नसते, तर ती खात्री घेऊन आम्ही कुठवर गेलो असतो, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून तपासणी विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी काडतुसाचा डबा हातात घेतला, त्यावरील "७० मि.मी." हा आकडा मला दाखवला आणि विचारले, "तुझ्या बंदुकीचे घर किती लांबीचे आहे?" मला प्रश्नच कळला नाही.

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. बारा बोअर हा आकडा फक्त नळीच्या व्यासाचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर. काडतुसाच्या लांबीविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. नळीच्या मागील टोकाला काडतूस बसण्यासाठी जे रुंद घर कोरलेले असते त्याला चेंबर म्हणतात. जुन्या इंग्रजी बंदुकांत ते बहुधा अडीच इंचांचे असते आणि व्यवहारात त्याला ६५ मि.मी. म्हणतात. आजच्या बंदुकांत पावणेतीन इंच, म्हणजे ७० मि.मी., किंवा तीन इंच, म्हणजे ७६ मि.मी., अशी चेंबर असतात. चेंबर संपते तिथून नळी शंकूसारखी निमुळती होत मूळ व्यासावर येते.

फसगत होते ती अशी. डब्यावर छापलेली लांबी काडतूस उडाल्यानंतरची असते. न उडवलेल्या काडतुसाचे तोंड चांदणीसारखी घडी घालून बंद केलेले असल्यामुळे ७० मि.मी.चे काडतूस प्रत्यक्षात ६० मि.मी.हूनही आखूड भरते. म्हणून ते ६५ मि.मी.च्या घरात विनातक्रार जाते. बार उडताना मात्र घडी उलगडते आणि तिला उघडायला घरात जागा उरत नाही. तोंड निमुळत्या भागात जाऊन अडते, छर्रे आणि डाट (छर्रे व दारू यांच्यामधला बोळा) यांना चिंचोळ्या वाटेतून जावे लागते आणि मागचा दाब वाढतो. त्यात ७० मि.मी.च्या काडतुसात भार बहुधा अधिकच असतो. मी अकरावीच्या मुलांना वायूचा दाब आणि घनफळ यांचा संबंध शिकवते. हे ऐकताना मला कागदावर आकृती काढावीशी वाटली आणि त्याच वेळी हातपाय गार पडले.

दुसरी बाब त्या चार बारीक काडतुसांची. त्यांचे वर्णन ऐकून काका म्हणाले की ती वीस बोअरची असणार आणि एकाच डब्यात दोन बोअरची काडतुसे ठेवण्यासारखा धोका दुसरा नाही. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घरातून पुढे घसरते आणि निमुळत्या भागापाशी अडकते. नळी मागून रिकामी दिसते, माणूस दुसरे काडतूस भरतो आणि नळी फुटते. पुढे वीस बोअरसाठी पिवळा रंग ठरवण्यात आला तो याच कारणाने, पण जुन्या कागदी काडतुसांच्या रंगावर विसंबता येत नाही. जुन्या डब्यातली काडतुसे वापरून पाहू नयेत, उघडू नयेत, जाळू नयेत किंवा कचऱ्यातही टाकू नयेत. आमची ठाण्यात जमा झाली आणि तिथेच राहिली.

आता बंदूक कोणती आहे हे कळणे भाग होते. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर आर. बी. रॉडा, कलकत्ता अशी अक्षरे आहेत. याच कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे पळवली होती. हे वाचले तेव्हा मला त्या अक्षरांकडे बघतच राहावेसे वाटले. तरीही विक्रेत्याचे नाव सुरक्षिततेविषयी काहीच सांगत नाही. सांगतात ते नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर उठवलेले ठसे. नळ्या दस्त्यापासून सुट्या करून उलट्या धरल्या की ते दिसतात. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन ठिकाणी प्रूफ हाउस आहेत आणि बर्मिंगहॅमचे १८१३ पासूनचे आहे. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त भार उडवून ती टिकते का हे पाहत आणि मगच ठसा देत.

भिंगातून पाहून मी प्रत्येक ठसा कागदावर उतरवला. मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही. आणि मुकुटाखाली एन.पी. अशी अक्षरे होती. त्याखाली "नायट्रो प्रूफ" आणि एक पूर्णांक एक अष्टमांश औंस कमाल, असा मजकूर होता. शिवाय एका चौकटीत १२ आणि सी, आणि बाजूला १३/१. काकांकडच्या जुन्या टिपणांशी हे ताडून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट होत गेले. बर्मिंगहॅमची ही मुकुटाची अक्षरे १९०४ च्या नियमांपासूनची आहेत आणि कमाल औंसांचा तो मजकूर १९०४ ते १९२५ या काळातला आहे. एन.पी. म्हणजे नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. ही अक्षरे नसती आणि फक्त काळ्या दारूची चाचणी झालेली असती, तर आजचे कोणतेही काडतूस त्यात घालण्याचा विचार तिथेच संपला असता. पिळाच्या पट्ट्यांपासून घडवलेल्या दमास्कस नळ्यांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते, कारण पट्ट्यांच्या सांध्यांत आत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. १३/१ पाहून मी बंदूक तेरा बोअरची समजले होते. प्रत्यक्षात तो नळीच्या आतील मापाचा ठसा आहे आणि त्याचा अर्थ ०.७१९ इंच असा होतो. ठरीव बारा बोअर ०.७२९ इंचांचा असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र ठशांत नव्हती. चौकटीतला सी एवढेच सांगतो की चेंबर तीन इंचांहून कमी आहे. अडीच की पावणेतीन, हे त्या काळात नळीवर लिहीतच नसत. आणि मधल्या शंभर वर्षांत कोणी ते घर कोरून वाढवलेले असू शकते. म्हणजे माप घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तोपर्यंत १६ मार्च आला आणि लोकसभा निवडणूक जाहीर झाली. आचारसंहितेच्या काळात छाननी समिती ज्यांना कळवते त्यांना शस्त्र जमा करावे लागते. माझ्या नावाची सूचना आली आणि २२ मार्चला बंदूक पुन्हा ठाण्यात गेली. या वेळी मी तेल लावले. नागपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले, पण निकालानंतर आचारसंहिता उठेपर्यंत थांबावे लागले. १४ जूनला बंदूक घरी आली आणि उजव्या नळीच्या तोंडातून आत पाहिले तर प्रकाश दिसेना. कुंभारीण माशीने आत मातीचे घर बांधले होते. नळीत एवढासा अडथळा असताना बार उडवला तर नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. म्हणून जमा करताना बंदूक कापडी खोळीत घालून, खोळीचे तोंड बांधून द्यावी आणि परत आल्यावर सर्वांत आधी दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहावे. तोंडात कापडाचा बोळा कोंबून ठेवू नये, कारण तो विसरला जातो. त्याच महिन्यात मी ती दहा काडतुसे विक्रेत्याला परत केली. पैसे मिळाले नाहीत, पण नोंद व्यवस्थित झाली आणि मला तेवढेच हवे होते.

माप घेणारा दुरुस्तीचा परवाना असलेलाच असावा लागतो, कारण शस्त्र कोणाच्याही हाती देता येत नाही. जबलपूर आम्हाला जवळ होते, परंतु माझा परवाना महाराष्ट्रापुरता आहे आणि मध्य प्रदेशात बंदूक नेणे हा गुन्हा ठरला असता. परवान्यावरील क्षेत्राचा रकाना वाचल्याशिवाय बंदूक गाडीत ठेवू नये. अखेर पुण्यातील एका कारागिरांची वेळ मिळाली. १६ ऑगस्टला मी आणि भाऊ समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि पुढे नगरवरून पुण्याला गेलो. बंदूक रिकामी, सुटी केलेली आणि खोळीत होती. मूळ परवाना माझ्या पर्समध्ये होता.

कारागीर साठी ओलांडलेले, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी नळ्या दोरीने टांगून हलकेच टिचकी मारली. घंटेसारखा स्वच्छ नाद आला म्हणजे दोन नळ्यांना जोडणारा डाक (धातूची सांधणी) शाबूत आहे. मग पट्टीचा सैलपणा, घोड्यांची ओढ आणि बंद केल्यावर नळ्या मागच्या तोंडाला घट्ट बसतात का, हे पाहिले. नंतर पितळेचा एक दंडगोल काढला, ज्यावर रेघा कोरलेल्या होत्या. तो घरात अलगद सरकवला आणि मला जवळ बोलावून रेघ दाखवली. दोन्ही नळ्यांत तो अडीच इंचांच्या खुणेवर थांबला होता. नळीचा आतील व्यास ०.७२१ इंच निघाला, म्हणजे ठशाच्या काळापासून जास्तीत जास्त दोन हजारांश इंच झीज झाली होती. नळीच्या भिंतीची जाडी सर्वांत पातळ जागी उजवीकडे चोवीस आणि डावीकडे बावीस हजारांश इंच होती. वीसच्या खाली गेली तर बंदूक भिंतीवर शोभेला ठेवायची, असे ते म्हणाले. तपासणी, गंज काढणे आणि एका घोड्याची कमान बदलणे यांचे ३,८०० रुपये झाले. प्रवास आणि मुक्काम धरून खर्च अकरा हजारांच्या पुढे गेला. माझ्या विनंतीवरून त्यांनी सर्व मापे कागदावर लिहून सही करून दिली.

मग काय चालेल हे ठरले. काडतूस ६५ मि.मी.चेच असावे. छर्र्यांचे वजन ठशावरील मर्यादेच्या, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमच्या, आत आणि शक्यतो २८ ते ३० ग्रॅम असावे. छर्रे शिशाचेच हवेत. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळ्यांना ओरखडतात आणि तोंडाकडे अरुंद होणाऱ्या नळीत ताण आणतात. एल.जी., एस.जी. असे मोठे छर्रे आणि एकच गोळी असलेली काडतुसे त्यांनी सरळ नाकारली. आमच्या डाव्या नळीचे तोंड आवळलेले आहे. लहान छर्रे, सहा किंवा आठ क्रमांकाचे, आणि डब्यावर लांबी, वजन व उत्पादनाची तारीख तिन्ही छापलेली असतील तरच घ्यायचे.

हे सांगणे सोपे होते, मिळवणे कठीण. बहुतेक नव्या बंदुका ७० किंवा ७६ मि.मी.च्या असल्यामुळे दुकानदार ६५ मि.मी.चा माल क्वचितच ठेवतात. नागपुरातल्याच दुसऱ्या एका विक्रेत्याने माझा कागद नीट वाचला आणि मागणी नोंदवून घेतली. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि बंदूक तिसऱ्यांदा ठाण्यात गेली, या वेळी खोळीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आली. जानेवारी २०२५ मध्ये दुकानातून फोन आला. पंचवीस काडतुसांचा एक डबा, प्रत्येकी शंभराहून अधिक रुपये. मी दुकानातच मोजपट्टी काढून डब्यावरील मजकूर दोनदा वाचला आणि त्या सद्गृहस्थांनी मला घाई केली नाही.

२ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, शूटिंग रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पहिला बार झाला. बंदूक चौकटीत बांधली होती आणि चापाला लांब दोरी होती. आम्ही सगळे वाळूच्या पोत्यांमागे उभे होतो. त्याआधी नळ्यांतले तेल पुसून कोरडे केले होते. प्रत्येक नळीतून दोन असे चार बार अशाच रीतीने झाले. प्रत्येक बारानंतर प्रशिक्षकांनी नळी तपासली आणि उडालेले काडतूस माझ्या हातात दिले. मी त्याचे तोंड पाहिले. कडा सरळ उघडलेल्या होत्या, फाटलेल्या किंवा चिरडलेल्या नव्हत्या आणि लांबी ६५ मि.मी.च्या आत होती. घर आखूड असते तर तोंडाच्या कडा झिजून चिंध्या झालेल्या दिसल्या असत्या. पाचवा बार मी खांद्यावर घेऊन उडवला. झटका वाटला होता त्यापेक्षा कमी होता. बाबा ही बंदूक इतकी वर्षे फक्त पुसत राहिले, हे त्या क्षणी आठवले आणि माझे डोळे भरून आले.

शिकारीचा प्रश्नच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर तो विषय बंद झाला आहे आणि आमच्या घरी तो कोणाला उघडायचाही नाही. वर्षातून एकदा रेंजवर दोन बार करून नळ्या स्वच्छ करायच्या, एवढेच ठरले आहे. उरलेली वीस काडतुसे वेगळ्या कुलपात, कोरड्या डब्यात आहेत आणि त्यांची किल्ली बंदुकीच्या किल्लीबरोबर ठेवलेली नाही. परवाना पाच वर्षांचा, म्हणजे फेब्रुवारी २०२९ पर्यंत आहे.

कारागिरांच्या कागदाची एक प्रत परवान्याच्या खिशात ठेवली आहे. दुसरी प्रत मी स्वच्छ अक्षरांत लिहून खोळीच्या आत शिवली: बोअर बारा, घर ६५ मि.मी., भार ३० ग्रॅमपर्यंत, शिशाचे लहान छर्रे, ७० मि.मी.चे काडतूस बसते पण उडवू नये. शेवटच्या सात शब्दांखाली मी लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत. मागच्या आठवड्यात भावाने त्या चिठ्ठीचे छायाचित्र मागून घेतले आणि माझ्यानंतर वारस म्हणून अर्ज करायची त्याच्या मुलीची इच्छा असल्याचे सांगितले. तिला मी सध्या ठसे वाचायला शिकवत आहे.